चौघांची शय्या आणि प्रेक्षकांची निराशा

कांहीं कलाकृतींचें दैवच असें असतें कीं, त्यांच्याविषयीं बोलणारा प्रत्येक जण त्यांतील एकाच प्रसंगाविषयीं बोलतो, आणि उरलेली कृति म्हणजे जणूं त्या प्रसंगापर्यंत नेऊन सोडणारी पायवाट, अशा समजुतीनें ती विसरून जातो. पॉल मझर्स्की या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'बॉब अँड कॅरल अँड टेड अँड ॲलिस' हा १९६९ सालचा बोलपट या दैवाचा बळी आहे. लास व्हेगास येथील हॉटेलांतील एक पलंग, त्यावर एकाच पांघरुणाखालीं बसलेलीं दोन विवाहित जोडपीं, आणि आतां पुढें काय हा प्रश्न! ज्यांनीं बोलपट पाहिला नाहीं त्यांनाहि हें चित्र ठाऊक असतें, कारण जाहिरातीसाठीं तेंच छापलें गेलें होतें. पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी प्रेक्षकांचा वाद त्या पलंगावरून खालीं उतरलेला नाहीं. तो वाद काय आहे, आणि त्यांत कोणाच्या पदरीं किती सत्य पडतें, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

एका पक्षाचें म्हणणें असें कीं, आमची फसवणूक झाली. चौघांना पलंगावर आणावयाचें, आणि आणल्यावर त्यांना एकमेकांकडे पाहत बसवून कपडे चढवून बाहेर काढावयाचें, हा दिग्दर्शकाचा भित्रेपणा होय. दीड तास मुक्तीच्या गोष्टी सांगून ऐन वेळीं त्यानें पाय मागें घेतला, असा या पक्षाचा आरोप आहे. दुसऱ्या पक्षाला नेमक्या याच गोष्टीचें समाधान वाटतें. शेवटीं लग्नाची गांठच बळकट ठरली, विपरीत कांहीं घडलें नाहीं, मंडळी सुखरूप घरीं गेलीं, असें म्हणून तो सुस्कारा टाकतो. तिसराहि एक वर्ग आहे. तो बहुधा तरुणांचा. त्याला पुरुषांच्या गळ्यांतील मण्यांच्या माळा, पायघोळ विजारी आणि 'भावना', 'अनुभव' या शब्दांचा पदोपदीं होणारा उच्चार पाहून हंसूं येतें, आणि हा बोलपट तो जुनें फर्निचर पाहावें तसा पाहतो. या वर्गाशीं आमचें भांडण नाहीं. प्रत्येक पिढीचा पोषाख पुढच्या पिढीला विनोदीच वाटतो. परंतु पहिल्या दोन पक्षांविषयीं आम्हांस असें वाटतें कीं, ते एकमेकांच्या विरुद्ध उभे असले तरी चुकले आहेत ते एकाच जागीं. दोघांनींहि त्या पलंगाला परीक्षेचा मंडप मानलें आहे. तेथें मुक्ति नापास झाली म्हणून एक रडतो, नीति उत्तीर्ण झाली म्हणून दुसरा पेढे वांटतो.

अपेक्षा कोठून आली हें समजण्यासाठीं काळाकडे थोडें पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील बोलपटांवर १९३४ पासून जी आचारसंहिता कडकपणें लादली गेली होती, ती १९६८ सालीं मोडीत निघाली व त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून वयपरत्वें वर्गवारीची नवी पद्धति सुरू झाली. तिला वर्ष पुरें होण्याच्या आंतच, १९६९ च्या सप्टेंबरांत, न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवाचा प्रारंभ या बोलपटानें झाला. पूर्वीं ज्या देशांत पडद्यावरील नवराबायकोलाहि वेगवेगळ्या खाटांवर निजावें लागे, तेथें एकाच खाटेवर चौघें! (आपल्याकडे त्याच वर्षीं पडद्यावरील चुंबनाला परवानगी असावी कीं नसावी या प्रश्नाचा ऊहापोह खोसला समितीच्या अहवालांत चालला होता.) लोकांनीं पैसे देऊन गर्दी केली यांत नवल नाहीं. दार उघडलें कीं आंत काय आहे तें पाहण्याआधीं माणूस दार उघडल्याचीच चैन करतो.

दुसरें एक दारहि त्या काळीं उघडलें होतें. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बिग सर येथें मायकेल मर्फी व डिक प्राइस यांनीं १९६२ सालीं एसालेन नांवाची संस्था काढली. मनांत दडलेलें सर्व कांहीं बोलून टाकावें, रडावें, ओरडावें, अनोळखी माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून पाहावें, म्हणजे माणूस मोकळा होतो, अशी तेथील शिकवण. मझर्स्की स्वतः पत्नीसह तेथें एका शिबिराला जाऊन आला होता. बोलपटांतील बॉब हा अनुबोधपट काढणारा गृहस्थ अशाच एका संस्थेंत माहिती मिळविण्यासाठीं पत्नी कॅरल हिच्यासह जातो आणि जिज्ञासु म्हणून गेलेलीं दोघें दीक्षा घेऊन परततात. कथेचा आरंभ हाच. आणि येथून पुढें जें घडतें तें कामवासनेचें नाटक नसून दीक्षेचें नाटक आहे, हा आमचा मुख्य मुद्दा होय.

नवा धर्म घेतलेला माणूस शेजाऱ्याला स्वस्थ बसूं देत नाहीं. टेड हा वकील आणि ॲलिस ही त्याची पत्नी, हीं बॉब-कॅरलचीं जुनीं स्नेही. उपाहारगृहांत जेवतांना कॅरल त्यांना खरें बोलण्याचा उपदेश करूं लागते; एवढ्यानेंहि भागत नाहीं म्हणून तेथील सेवकाला, आपल्याला जेवण आवडलें कीं नाहीं याची तुम्हांला मनापासून काळजी आहे काय, असें विचारून ती त्या बिचाऱ्याची त्रेधा उडविते. प्रसंग हंसण्याचा आहे आणि प्रेक्षक हंसतो. पण पुढील सर्व अनर्थाचें बीज येथेंच आहे. ज्याला खरें बोलावयास सांगितलें जातें, त्याला तें परवडतें कीं नाहीं, याची चौकशी कोणी करीत नाहीं. सेवकाला आपली नोकरी सांभाळावयाची असते.

त्यानंतर बॉब सॅन फ्रान्सिस्कोहून परत येतो आणि तेथील एका तरुण मुलीशीं आपला संबंध आला हें पत्नीला सांगून टाकतो. कॅरल रागावत नाहीं. उलट सांगितलेंस हें किती सुंदर केलेंस, अशा भावानें ती त्याला जवळ घेते. पुढें एकदां चौघें रात्रीं गांजाची सिगारेट ओढीत बसलीं असतां, कॅरल हीच वार्ता एखादी भेटवस्तु द्यावी तशी टेड-ॲलिसच्या हातांत ठेवते. आतां हा भार कसा उतरत गेला तें पाहावें. बॉबनें केलेलें कृत्य बॉबच्या मनावर होतें. तें त्यानें बोलून कॅरलच्या मनावर ठेवलें. कॅरलनें तें मित्रांपुढें मांडून आपलें मन हलकें केलें. टेडच्या ठायीं त्याचें रूपांतर हेव्यांत झालें. उरली ॲलिस. तिनें कांहीं केलेलें नाहीं, तिला कांहीं सांगावयाचें नाहीं, आणि ऐकलेलें सर्व मात्र तिच्याच पोटांत ढवळत राहतें. सत्यकथनानें बोलणारा मोकळा होतो हें खरें. ऐकणाऱ्याचें काय होतें, हा प्रश्न या बोलपटानें एका बाईच्या चेहऱ्यावर लिहून ठेवला आहे, आणि बहुतेक प्रेक्षकांनीं तो वाचलेला दिसत नाहीं.

येथें आपल्याकडील र. धों. कर्वे यांची आठवण होणें साहजिक आहे. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' चालविलें, खटले सोसले, आणि स्त्रीपुरुषसंबंधांविषयीं जें मांडलें तें बुद्धीच्या आधारावर मांडलें. कर्व्यांशीं वाद घालतां येत असे, कारण ते कारणें देत. बॉब आणि कॅरल कारणें देत नाहींत, त्यांना 'वाटतें'. वाटण्याशीं वाद कसा घालावा? ॲलिस जेव्हां जेव्हां विरोध करूं पाहते तेव्हां तिला उत्तर मिळत नाहीं, केवळ सहानुभूति मिळते, आणि ती अधिकच एकाकी होते.

ॲलिसच्या शयनगृहांतील प्रसंग हा आमच्या मतें या बोलपटाचा गाभा आहे, लास व्हेगासचा नव्हे. ती व टेड घरीं आलीं आहेत. मित्राच्या भानगडीची हकीकत ऐकून तिला शिसारी आली आहे. त्याला, तीच हकीकत ऐकून, उत्तेजन मिळालें आहे. तो विनवणी करतो, ती नाहीं म्हणते. तो पुन्हां लाडीगोडी लावतो, कुशीवर वळतो, पुन्हां येतो. माझ्या मनांत कांहीं नसतांना तुला चालेल काय, अशा अर्थाचें ती विचारते आणि तो बापडा, चालेल, असें म्हणून जातो! येथें प्रेक्षागृहांत मोठा हंशा पिकतो. प्रसंग मुद्दाम लांबविलेला आहे. हंसूं ओसरल्यावरहि तो संपत नाहीं, आणि त्या उरलेल्या वेळांत आपल्या लक्षांत येतें कीं, हें जोडपें एकमेकांचा द्वेष करीत नाहीं, टेड दुष्ट नाहीं, ॲलिस सोंवळी नाहीं. दोघें थकलेलीं आहेत, आणि इतक्या वर्षांच्या संसारांत या एका गोष्टीविषयीं बोलण्याची भाषा त्यांच्याजवळ नाहीं. सुशिक्षित घरांतील कोणत्या विवाहित प्रेक्षकाला हें सर्वस्वीं परकें वाटेल? या प्रसंगांत एकहि अवयव उघडा नाहीं. तरी त्यांतील उघडेपणा पलंगावरील चौघांहून अधिक आहे.

डायन कॅनन या नटीनें ॲलिस जी उभी केली आहे तिला तोड नाहीं. पुढें ती मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. ही भूमिका डोनल्ड म्युहिक या खऱ्याखुऱ्या मानसोपचारतज्ज्ञानेंच केली आहे आणि त्याचें तें मख्ख सौजन्य कोणा नटाला साधलें नसतें. ती बोलत राहते, तो ऐकत राहतो, आणि वेळ संपते. एका बाजूला सर्व कांहीं सांगून टाका म्हणणारा मित्रपरिवार, दुसऱ्या बाजूला पैसे घेऊन ऐकणारा वैद्य. या दोहोंच्या मध्यें, जिला नुसतें समजून घेतलेलें हवें होतें, अशी एक बाई. नॅटली वुडची कॅरल अधिक देखणी व अधिक प्रसन्न आहे, परंतु ती आरंभापासून शेवटपर्यंत एकाच उजेडांत उभी असते. एलियट गूल्डचा टेड मात्र ॲलिसला शोभेसा आहे. पारितोषिकें देणाऱ्या अकादमीनेंहि दुय्यम भूमिकांसाठीं नामनिर्देश केला तो या दोघांचाच. बक्षीस दोघांसहि मिळालें नाहीं.

आतां तो पलंग. दरम्यान बॉब एकदां ठरल्यापेक्षां लवकर घरीं येतो आणि टेनिस शिकविणारा गृहस्थ आपल्या पत्नीच्या खोलींत आहे असें त्याला आढळतें. प्रथम संताप, मग दीक्षेची आठवण, मग त्या भेदरलेल्या माणसाला मद्याचा पेला देण्याची धडपड! स्वतःच्या तत्त्वाला स्वतःच बळी पडलेला पुरुष यापेक्षां विनोदी रीतीनें क्वचितच रंगविला गेला असेल. टेडहि प्रवासांत एक प्रकरण करून येतो. अशा स्थितींत चौघें लास व्हेगासला गाणें ऐकावयास जातात. तेथें हॉटेलांत कॅरलचें प्रकरण बाहेर येतें, मागोमाग टेड आपलेंहि कबूल करतो. आणि मग अंगावरचे कपडे उतरवूं लागते ती ॲलिस.

हें ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें त्यांना फसवणुकीची तक्रार करतांच येणार नाहीं. चौघांनीं एकत्र यावें ही सूचना कोणाकडून आली? जिचा या नव्या धर्मावर कधींच विश्वास बसला नाहीं तिच्याकडून. आणि कोणत्या क्षणीं? नवऱ्याच्या कबुलीचा घाव ताजा असतांना. तुम्ही आजवर जें बोलत होतां, त्याचा अर्थ हाच ना, मग घ्या, असें जणूं ती म्हणते. कांहीं प्रेक्षक यास ॲलिसची जागृति समजतात. आम्हांला ती जागृति दिसत नाहीं. दिसतो तो त्रागा. गृहस्थाश्रमांत ज्यानें त्रागा पाहिला आहे त्याला तो ओळखूं येईल. बाकीच्या तिघांची जी तारांबळ होते, टेड स्नानगृहांत जाऊन सुगंधाची व मुखशुद्धीची जी धांदल उडवितो, त्यावरून या मुक्तीच्या उपासकांना देव प्रसन्न झालेला नको होता, केवळ त्याची आरती करावयाची होती, असें दिसून येतें.

भरतमुनींनीं हास्याची उत्पत्ति शृंगारापासून सांगितली आहे, आणि अभिनवगुप्तानें तिचें विवरण करतांना दाखविलें आहे कीं, जेथें शृंगाराचा केवळ आभास असतो तेथें हास्य उपजतें. सीतेविषयींच्या रावणाच्या अभिलाषेचें उदाहरण त्यानें दिलें आहे, कारण तेथें रति एकाच बाजूची आहे. या पलंगावर तर ती कोणत्याच बाजूची नाहीं. विभाव सगळे जमले आहेत: एकांत, मद्य, देखणीं माणसें, मंद दिवे. स्थायी भाव तेवढा अनुपस्थित आहे. शृंगार पाहावयास आलेल्या प्रेक्षकाला हास्य मिळालें म्हणून त्यानें दिग्दर्शकाला भित्रा म्हणणें म्हणजे चुलींत विस्तव नसतांना भात शिजला नाहीं म्हणून तांदळाला दोष देण्यासारखें आहे. चौघें थोडी चुंबनें घेतात, थांबतात, स्तब्ध होतात. त्या स्तब्धतेंत नीतीचा विजय शोधणारेहि तितकेच चुकतात. त्यांपैकीं कोणीहि पाप समजून थांबलेलें नाहीं. इच्छा नव्हती, आणि इच्छा नसल्याचें कबूल करणें हेंच काय तें त्या दिवसांतील पहिलें खरें बोलणें होतें, तेंहि शब्दांवांचून.

त्या वेळच्या समीक्षकांतहि दोन तट पडले होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें व्हिन्सेंट कॅन्बी यांनीं, हा बोलपट आपल्याच पात्रांकडे वरून पाहतो, असा ठपका ठेवला. पॉलिन केल यांनीं 'न्यूयॉर्कर'मध्यें त्याची मुक्तकंठानें स्तुति केली. कॅन्बींच्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. आरंभींच्या शिबिराच्या चित्रणांत आणि उपाहारगृहांत दिग्दर्शक थोडा टवाळीवर आला आहे. परंतु ज्या दिग्दर्शकाला पात्रांची केवळ टर उडवावयाची असते, तो शयनगृहाचा तो प्रसंग इतका वेळ चालूं देत नाहीं.

मग प्रेक्षकांची निराशा सर्वथा खोटी काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. फसविल्याची जी भावना त्यांना होते ती खरी आहे. तिचें स्थान मात्र त्यांनीं चुकीचें दाखविलें आहे. बोलपट पलंगावर पळ काढीत नाहीं, तो पळ काढतो त्यानंतर. चौघें कपडे घालून खालीं येतात आणि हॉटेलबाहेर एक मिरवणूक सुरू होते. नाना वयांचीं, नाना वर्णांचीं माणसें जोडीजोडीनें चालतात, एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात, आणि जगाला प्रेम हवें अशा आशयाचें बर्ट बॅकरॅक यांच्या चालीवरील एक लोकप्रिय गीत वाजूं लागतें. डोळ्यांत पाहणें ही त्या शिबिरांतीलच क्रिया. मझर्स्कीची फेलिनीवरील भक्ति प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षीं त्यानें आपल्या 'ॲलेक्स इन वंडरलँड' या बोलपटांत फेलिनीलाच पडद्यावर आणलें. फेलिनीच्या १९६३ सालच्या 'एट अँड हाफ'च्या शेवटींहि सर्व पात्रें एकत्र फेर धरतात. त्याची छाया येथें स्पष्ट आहे. पण फेलिनीचा नायक आपल्या गोंधळाला शरण जाऊन त्या फेरांत शिरतो. येथें गोंधळ ज्यांनीं घातला त्यांचा हिशेबच झालेला नाहीं. उद्यां घरीं गेल्यावर ॲलिस टेडशीं काय बोलणार? त्याच्या प्रकरणाचा घाव त्या स्तब्धतेनें भरून आला काय? कॅरल पुन्हां कोणाला उपदेश करावयास निघेल काय? या प्रश्नांवर गाण्याचा मधुर पडदा टाकला जातो, आणि ज्या शिकवणीची दीड तास थट्टा झाली तिचाच विधि मंगलाचरणासारखा शेवटीं पुन्हां मांडला जातो. जें या बोलपटानें इतक्या कष्टानें पुरतें पारखून दाखविलें होतें, तें त्यानें स्वतःच पुन्हां खऱ्या नाण्याच्या भावानें चालविलें.

हें गीत काढून टाकून, लिफ्टच्या दारापाशीं बोलपट संपविला असता तर प्रेक्षक कदाचित् अधिकच चिडले असते. धंद्याच्या दृष्टीनें मिरवणूकच शहाणपणाची होती. त्या वर्षीं मोठी मिळकत करणाऱ्या बोलपटांत याची गणना झाली. १९७३ सालीं एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीनें याच नांवाची विनोदी मालिका काढली. घरोघरीं सर्व कुटुंबानें बसून पाहावयाची म्हणून तिच्यांतून धोक्याचा भाग अर्थातच वगळला गेला, आणि चार नांवें, दोन घरें व गप्पा एवढेंच शिल्लक राहिलें. ती थोड्याच आठवड्यांत बंद पडली.